वर्णनात्मक नोंदी नक्की कोणासाठी लिहायच्या?

खडूफळा

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, तिसरी-चौथी माझ्याकडे. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रथम सत्राचं संकलित मूल्यमापन, मग निकालपत्रक, श्रेणीनिहाय गोषवारा, आणि त्याच्या जोडीला प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी. या शेवटच्या कामाविषयी बोलायचं आहे.

शिक्षकांच्या ग्रुपवर दर सत्राला तयार नोंदींची पीडीएफ फिरते. इयत्तावार, विषयवार, भरपूर वाक्यं. 'आत्मविश्वासाने बोलतो', 'परिसरातील प्राण्यांची माहिती सांगतो', 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो', 'हस्ताक्षर सुधारणे आवश्यक'. त्यातली उचलायची आणि नावांपुढे वाटत जायची. ही वाक्यं खोटी असतात असं नाही. पण कुठल्याही मुलाच्या नावापुढे ती चालून जातात आणि मला तेच खटकतं.

परवाचंच सांगते. तिसरीला हातच्याची वजाबाकी दिली होती. ५२ − २७ चं उत्तर एका मुलीने ३५ काढलं, शेजारच्या मुलानेही ३५. वाटलं, एकाने दुसऱ्याचं बघितलं. म्हणून दोघांना वेगवेगळं बसवून ४२ − १८ दिलं. मुलीचं उत्तर आलं ३६, मुलाचं ३४. मग समोर बसून बोलत बोलत करायला सांगितलं तेव्हा उलगडा झाला. मुलगी वरचा अंक कुठला, खालचा कुठला हे बघतच नाही, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करते. आठातून दोन गेले सहा, चारातून एक गेला तीन. मुलगा हातचा बरोबर घेतो, बारातून आठ बरोबर वजा करतो, पण दशकाच्या घरातला चार तसाच ठेवतो. पहिल्या गणितात दोन्ही चुकांचं उत्तर योगायोगाने एकच येत होतं.

चाचणीत दोघांना दहापैकी चार. नोंदपत्रकात दोघांपुढे 'वजाबाकीच्या सरावाची गरज' असं लिहिलं की काम झालं. पण दोघांना सराव वेगळा हवा आहे! मुलीला काड्यांचे गठ्ठे सोडवायला बसवायला हवं, कारण दशक मोडणं म्हणजे काय हेच तिला अजून दिसलेलं नाही. मुलाला फक्त दशकावर काट मारून वर नवा अंक लिहायची सवय लावली तरी पुरे.

हे माझ्या साध्या वहीत लिहिलेलं आहे. तपासणीला जाणाऱ्या नोंदपत्रकात मात्र त्याला जागा दिसत नाही. तुम्ही काय करता? आणि नोंद लिहिताना ती कोण वाचणार असं डोळ्यांपुढे ठेवता?

जुना केंद्रप्रमुख

बाई, फार चांगला विषय काढलात. मी सेवानिवृत्त आहे, पण ही पद्धत आली तेव्हा केंद्रप्रमुख म्हणून आसपासच्या शाळांची तपासणी करायचो, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. नवीन शिक्षकांना ती कुणी सांगत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २९ मध्ये सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन आलं. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ते पहिली ते आठवीला लागू झालं. त्यात आकारिक (वर्गात रोज चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी परीक्षेने होणारं) असे दोन भाग. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०. उरलेला संकलितचा. मूल जितकं लहान तितकं वर्गातल्या रोजच्या कामाला वजन जास्त. मला हा विचार तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

आकारिकसाठी आठ साधनतंत्रं दिली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी (तीत पुस्तक उघडून सोडवायचीही आली), स्वाध्याय-वर्गकार्य, आणि मग स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन वगैरे इतर. यात दैनंदिन निरीक्षण पहिलं आहे. तुम्ही दोघांना समोर बसवून बोलत बोलत गणित करायला लावलंत, ते निरीक्षणच. शासन निर्णयाला हेच अपेक्षित होतं.

बिघाड कुठे झाला ते सांगतो. निरीक्षणालाही गुण द्यायचे ठरले. गुण आले की तक्ता आला, तक्ता आला की तो सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरला जाऊ लागला. मग तपासणीला आम्ही काय बघायचो? रकाने भरलेत का. साधनतंत्रं पुरेशी वापरलीत का. बेरीज जुळते का. नोंद वाचून 'या मुलाला आता काय शिकवताय' असं विचारणारे अधिकारी मी पाहिले आहेत, पण थोडे.

दोन मुलांची आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे. चालेल ना इथे लिहिलं तर?

माझा धाकटा चौथीत, शहरातल्या एका मराठी शाळेत. तिसरीच्या प्रगतिपत्रकात बहुतेक विषयांना अ-२. म्हणजे ८१ ते ९० च्या मधे. आम्ही खूश. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबांनी वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी वाचायला दिली, तर जोडाक्षर आलं की तो थांबतो आणि अंदाजाने पुढचा शब्द म्हणतो. 'मुख्यमंत्र्यांनी' या शब्दावर अडला आणि नंतर वाचायलाच तयार होईना. शाळेच्या पुस्तकातले धडे मात्र घडाघडा वाचतो, कारण ते ऐकून ऐकून पाठ आहेत.

जूनमध्ये बाईंना भेटले. त्यांना हे माहीत होतं! त्यांनी ड्रॉवरमधून स्वतःची छोटी डायरी काढली, त्यात लिहिलं होतं: 'अनोळखी मजकूर वाचताना र-युक्त जोडाक्षरं गाळतो, ऐकून समजतं सगळं.' मी विचारलं, हे प्रगतिपत्रकात का नाही? म्हणाल्या, तिथे असं लिहिलं तर पालक भांडायला येतात आणि मुख्याध्यापक बोलावून घेतात.

बाईंचा राग नाही आला, वाईट मात्र वाटलं. ते एक वाक्य एप्रिलमध्ये मिळालं असतं तर आख्खी सुट्टी हातात होती. खडूफळा, तुम्ही विचारलंत नोंद कोण वाचणार. मी वाचणार. मला कामाचं काहीतरी लिहा. आम्ही सगळेच भांडत नाही हो.

साठचा पट

आईंचं म्हणणं मनापासून पटतं, पण दुसरी बाजूही मांडतो. कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आहे. ते प्रमाण सगळी शाळा मिळून धरतात, माझ्या वर्गात साठ आहेत. रोज पोषण आहाराची नोंद, यू-डायसची (शाळांच्या ऑनलाइन माहितीची) दुरुस्ती, मुलांच्या अपार आयडी या ओळख क्रमांकासाठी आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून पालकांना फोन. वर्षातून तीनदा पायाभूत आणि संकलित चाचण्या, त्यांचे प्रश्ननिहाय गुण मोबाईलवर भरायचे, रेंज नसली तर रात्री घरी बसून. यातून साठ मुलांची चूक शोधून प्रत्येकाची वेगळी नोंद? पीडीएफ वापरणारा शिक्षक आळशी असतो असा सूर निघू नये एवढंच म्हणणं आहे. तो थकलेला असतो.

कुणी खरंच साठ पटावर हे करत असेल तर कसं ते सांगा. मला शिकायचं आहे.

खडूफळा

सर, आळशी असं माझ्या मनातही नव्हतं. मीही गेल्या वर्षी तीच पीडीएफ वापरली आहे. माझा पट लहान, त्यामुळे मी तुम्हाला सांगणं बरोबर नाही. अनुभवी लोकांची वाट बघते.

भुईमूग

साठ नाही, पण पंचेचाळीसच्या वर्गावर केलं आहे.

सगळ्यांचं रोज बघायचंच नाही. रोज पाच मुलं ठरवायची, हजेरीपटाच्या क्रमाने. त्या दिवशी वह्या सगळ्यांच्या बघायच्या, पण नीट शेजारी बसून ऐकायचं त्या पाचांचंच. वहीत मुलामागे एक पान. तारीख आणि एक ओळ, त्याहून जास्त लिहायचं नाही. ज्या दिवशी काही नवीन दिसलं नाही त्या दिवशी कोरं सोडायचं, उगाच 'चांगला प्रतिसाद' लिहायचं नाही.

दुसरं म्हणजे मूल कसं आहे ते लिहायचं नाही, त्याने काय केलं ते लिहायचं. 'लक्ष देत नाही' असं लिहिलं की पुढच्या वर्षीची बाई पहिल्या दिवसापासून त्या पोराकडे तसंच बघते. 'शाब्दिक उदाहरणातली पहिली संख्या दिसली की लगेच बेरीज मांडतो, प्रश्न पूर्ण वाचत नाही' असं लिहिलं की तिला काम कळतं. आमच्याकडे एका मुलाच्या नावापुढे सलग तीन वर्षं 'अबोल' अशी नोंद होती. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारं पोर, मराठी शाळेत पहिली दोन वर्षं ऐकतच होतं. पावरी बोलणारी मावशी पोषण आहाराला आली तेव्हा त्याचं तोंड उघडलं, आणि गोष्टी सांगायचा तो अशा की बाकीची पोरं माना वळवून ऐकायची.

सत्राच्या शेवटी त्या पानावरून वर्णनात्मक नोंद दहा मिनिटांत होते. पीडीएफ शोधायलाही तेवढाच वेळ लागतो.

हायस्कूलवाला

मी दहावीला विज्ञान शिकवतो. वरच्या वर्गात या गुणांचं काय होतं ते सांगतो, कारण मुळं खालीच आहेत.

दहावीला ८० लेखी आणि २० अंतर्गत. शाळेच्या हातातले ते २० बहुतेक ठिकाणी सढळ हाताने दिले जातात. पुरावा राज्याने एकदा पाहिलेला आहे. २०१८ चा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले, निकाल ७७.१० वर आला. अकरावी प्रवेशात आपल्या मुलांचं दुसऱ्या बोर्डांपुढे नुकसान होतंय म्हणून केवढा गदारोळ झाला! मग अंतर्गत गुण परत आणले. २०२० ला निकाल ९५.३०. त्या वर्षी भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द झाला होता, २०१९ ला नवी असलेली पाठ्यपुस्तकंही तोवर सवयीची झाली होती. त्यामुळे सगळा फरक अंतर्गत गुणांचा असं मी म्हणणार नाही, मोठा वाटा मात्र त्यांचाच.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या नोंदीवर मुलाचा प्रवेश, शाळेची टक्केवारी किंवा शिक्षकाची इज्जत अवलंबून आहे ती नोंद खरी राहत नाही. माणसं वाईट असतात म्हणून नाही. समोर बसलेल्या ओळखीच्या मुलाला २० पैकी ११ देऊन त्याचा प्रवेश हुकवायला हात धजत नाही, माझाही धजत नाही. म्हणून 'काय येतं, काय नाही' ही वही आणि गुणांचा तक्ता वेगळे ठेवा. वहीवरून गुण काढू नका, आणि वही कुणी तपासायला मागितली तरी तिला गुण देऊ देऊ नका.

जुना केंद्रप्रमुख

हायस्कूलवाले सर, अर्धं पटलं. वेगळे ठेवा म्हणता, मग वर्गातलं रोजचं काम निकालात धरायचंच नाही का? आकारिकचा भार काढला तर सगळं पुन्हा सहामाही-वार्षिकच्या तीन तासांवर येईल. तो काळ मी पाहिला आहे. वार्षिकच्या दिवशी ताप आलेलं पोर नापास, आणि नापास झालेली मुलगी दुसऱ्या वर्षी शाळेत दिसायचीच नाही. घरचे म्हणायचे, तिला झेपत नाही, राहू दे.

आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे, २०२३-२४ पासून. २०१९ ला केंद्राने कायदा दुरुस्त करून राज्यांना मुभा दिली. उत्तीर्ण झालं नाही तर जादा मार्गदर्शन करायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा. त्यातही राहिलं तर मूल त्याच वर्गात बसतं. म्हणजे भर मे महिन्यात शिक्षकाला त्या मुलाला नेमकं काय शिकवायचं हे माहीत हवं. गुणपत्रकात दिसेल 'गणित १४'. त्या १४ वरून काय शिकवणार? भुईमूग यांच्यासारखी वही असली तर पहिल्या दिवसापासून काम सुरू होतं.

एमेडची विद्यार्थिनी

गुण आणि शेरा यांच्याबद्दल एक प्रसिद्ध संशोधन आहे, इथे उपयोगी पडेल. १९८८ साली रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये पाचवी-सहावीतल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना तपासलेल्या कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या वेळी ज्यांना फक्त शेरा मिळाला होता त्यांचं काम आणि गोडी वाढली. ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही दिले ती मुलं साधारण फक्त गुणवाल्यांसारखीच राहिली. गुण दिसले की मूल शेरा वाचत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

सराव पाठांच्या वेळी मी वर्गात हे करून पाहिलं. निबंधांवर गुण न देता फक्त दोन ओळी लिहिल्या. पहिल्यांदा मुलं वैतागली, 'मॅडम किती पडले ते सांगा ना'. पण नंतर एक मुलगा वही घेऊन आला आणि म्हणाला, 'तुम्ही लिहिलंय की शेवट अचानक झाला, मग आजी परत येते असं लिहू का?' गुण दिलेल्या वहीवरून असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

दोन मुलांची आई

आमच्या घरी अगदी हेच. वही आली की 'किती?' हा पहिला प्रश्न. तोही मीच विचारते. आता 'बाईंनी काय लिहिलंय' असं विचारायला सुरुवात करते.

कारखाना तळ

उशिरा लिहितोय, पण खडूफळा बाईंच्या मूळ प्रश्नाला माझ्याकडे थेट उत्तर आहे, कारण बाईंच्या भागातली मुलं जिथे येतात तिथे मी उभा असतो. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्याजवळच्या शाळेवर आहे. दसरा-दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाच्या कडेला कोपी (झोपडी) पडते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ती मुलं आमच्या पटावर बसतात, बसली तर. धाकट्या भावंडाला सांभाळायला बरीचशी कोपीवरच राहतात.

मुलासोबत शिक्षण हमी कार्ड यावं अशी व्यवस्था आहे. कार्ड दाखवलं की कुठल्याही शाळेने विनाअट बसवून घ्यायचं, आणि मूल परत निघालं की इथली प्रगती लिहून पाठवायची. कार्ड कधी येतं, कधी घरी पेटीत राहतं. येतं तेव्हा मी पहिलं बघतो की लिहिलंय काय. 'गणित ब-२.' 'अभ्यासात रस घेतो.' मुलगा माझ्यासमोर उभा आहे, अंगावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, चार महिन्यांत परत जाणार. त्याला आज कुठल्या पानापासून शिकवू हे ब-२ मला सांगत नाही. मग पहिले आठ-पंधरा दिवस चाचपण्यात जातात. अक्षर येतं का, शब्द येतो का, परिच्छेद वाचतो का, वजाबाकीत हातचा कळतो का. हे सगळं तिकडच्या बाईंना ठाऊक असतं! त्यांच्या वहीत असतं. फक्त माझ्यापर्यंत पोचत नाही.

आणि आम्हीही तेच करतो. एप्रिलमध्ये टोळी उठते रातोरात, मुकादम ट्रॅक्टर लावतो, सकाळी वर्गात जागा रिकामी. कार्डावर काही लिहायला मिळतच नाही, आणि चार महिन्यांत मूल जे शिकलं ते बाईंना जूनमध्ये कळत नाही. त्यांना पुन्हा पहिल्यापासून चाचपावं लागत असणार.

तेव्हा बाई, नोंद माझ्यासाठी लिहा. जो त्या मुलाला उद्या पहिल्यांदा बघणार आहे त्याच्यासाठी. गावातच राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो पुढच्या इयत्तेचा शिक्षक असेल, एवढाच फरक.

खडूफळा

सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या वजाबाकीच्या गणितातली मुलगी या दिवाळीनंतर टोळीबरोबर जाणार आहे. यंदा आजी गावात थांबत नाही, त्यामुळे तिला मागे ठेवायला कुणी नाही. तिच्या कार्डासाठी आत्ताच लिहून ठेवलं:

'छोटा परिच्छेद थांबत थांबत वाचते, अर्थ सांगते. स्वतःच्या मनाने तीन-चार वाक्यं लिहिते, अनुस्वार राहतात. दोन अंकी बेरीज हातच्यासह येते. वजाबाकीत एककाचा वरचा अंक लहान असला की उलट वजा करते (४२ − १८ = ३६). काड्यांचा दहाचा गठ्ठा सोडून करायला दिलं की बरोबर करते, कागदावर अजून नाही. पाढे पाचपर्यंत. शेळीच्या गोष्टी विचारल्या की मोकळी बोलते, पहिल्या दिवशी तिथून सुरुवात करावी. धाकटा भाऊ सोबत असतो, त्याला वर्गात बसू दिलं तर रोज येईल.'

नोंदपत्रकातही 'सुधारणा आवश्यक'च्या रकान्यात वजाबाकीचं वाक्य तसंच घालणार आहे. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर उदाहरण करून दाखवेन. यात काही कमी-जास्त असेल तर सांगा.

जुना केंद्रप्रमुख

तारीख घाला. पुढे वाचणाऱ्याला ही स्थिती ऑक्टोबरची की मार्चची हे कळायला हवं. बाकी उत्तम.

साठचा पट

भुईमूग, रोज पाच मुलं म्हणजे मला एक फेरी व्हायला बारा शाळेचे दिवस. सत्रात चार-पाच फेऱ्या सहज होतील. सोमवारपासून भाषेने सुरुवात करतो, गणित नंतर. एक विचारायचं राहिलं, तुमच्या त्या दिवशीच्या पाचांत कुणी गैरहजर असेल तर काय?

भुईमूग

त्याच्या पानाला कोपऱ्यात दुमड घालायची आणि तो येईल त्या दिवशी आधी त्याला घ्यायचं. जास्त गैरहजर राहणारी मुलंच नोंदीतून सुटतात, त्यामुळे दुमडलेली पानं आठवड्याला एकदा चाळायची.

कारखाना तळ

खडूफळा बाई, काहीही कमी नाही. एकच करा. कार्ड पेटीत राहिलं तरी अडू नये म्हणून तिच्या वडिलांना माझा शाळेचा नंबर द्या, आणि कार्डाचा फोटो काढून तुमच्याकडे ठेवा. टोळी कुठल्या कारखान्याला लागली ते कळलं की तिथल्या शाळेचा शोध मी आमच्या शिक्षण परिषदेत विचारून लावतो. आमच्याकडेच आली तर गठ्ठे करायला काड्या आहेत, भावालाही बसवून घेऊ. निरोप संपर्कातून पाठवतो, इथे नंबर लिहीत नाही.